बाबांचा खोकला

दादा,

बाबांचा आवाज असलेलं काहीही पाठव, असं तू तिसऱ्यांदा लिहिलंस. मी "काही नाही" एवढंच कळवलं. ते खरंच आहे.

आमच्या ध्वनिसंग्रहात घरातले बारीकसारीक आवाज जपून ठेवतात, म्हणून गेल्या वर्षी मी आईचं शिलाई मशीन रेकॉर्ड केलं. बाबा बाजूच्या खाटेवर होते. सारखे खोकायचे. आई मशीन न थांबवता विचारायची, "पाणी देऊ का?" ते म्हणायचे, "तुझं चालू दे."

कामावर मी बाबांचा खोकला, दोघांचं बोलणं, सगळं पुसलं आणि मूळ फाईलवरच सेव्ह केलं. ही चूक नवशिकाही करत नाही. साहेब म्हणाले, "वा, काय स्वच्छ आलंय!" मला बरंही वाटलं.

बाबा गेले, तेव्हा आठवलं. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

काल आईला ती फाईल ऐकवली. ती मान खाली घालून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "पाणी देऊ का?"

मग उत्तरासाठी थांबली. मशीन चालूच होतं.

हे पत्रही मी न पाठवता ठेवूनच देणार.

तुझी,
ठमी