चार आठवड्यांची आखणी

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! दोन ट्रंका, एक बाजाची पेटी आणि धारवाड स्टँडवर खाल्लेलं गरमागरम चुरमुऱ्यांचं गिरमिट, एवढ्या भांडवलावर सरोजा अंगडी आज नोकरीवर रुजू झाली. खोली उपचार केंद्राच्या मागेच, चिंचेखाली. खिडकीतून पलीकडच्या शाळेचं मैदान दिसतं, आणि मला ही नोकरी हवी होती ती त्या शाळेसाठीच. माझ्या लेकीचा, तुंगाचा बाप गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून पोर हावेरीला माझ्या अक्काकडे आणि मी आज इथं, उद्या तिथं. आता उगादीला, म्हणजे पाडव्याला, ती माझ्याकडे येईल आणि जूनमध्ये या मैदानावर गुडघे फोडून घेईल.

केंद्रात अठरा रुग्ण आहेत. सगळे अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेलेले. डॉक्टर हुइलगोळ म्हणाले, पेटी आणलीत, आता आमच्या मंडळींची तोंडं तेवढी उघडा, बाकी काही मागणं नाही. कामाला गुरव्वा नावाची मावशी आहे. तिनं माझं सामान पाहून विचारलं, किती दिवस टिकणार सरोजक्का? आधीचे मास्तर दोन महिन्यांतच गेले म्हणे, त्यांचा गळा बसला तो बसलाच, आता गदगला घरी मुके बसून असतात. मी तिला सांगितलं, मी ब्याडगी मिरचीच्या मुलखातली आहे, आमचे गळे बसत नसतात. त्यावर ती पदर तोंडाला लावून हसली.

५ मार्च, बुधवार

माझी पद्धत इथं कुणाला ठाऊक नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर करून दाखवली. ज्याला बोलता येत नाही त्याला पुष्कळदा गाता येतं. म्हणून त्याला रोज लागणारा शब्द घ्यायचा, दोन सुरांवर बसवायचा, एक वरचा आणि एक खालचा. त्याचा डावा हात आपल्या हातात घेऊन प्रत्येक सुराला थाप द्यायची. आधी दोघांनी मिळून म्हणायचं, मग आपला आवाज हळूहळू कमी करत न्यायचा आणि शेवटी गप्प व्हायचं. शब्द त्याच्याकडे राहतो.

फकीरप्पा अज्जा पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. झटक्यानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय, टिकीट. भूक लागली की टिकीट, राग आला की टिकीट, गुरव्वाची चेष्टा करायची तरी टिकीट. सुरुवात त्यांच्यापासून.

रात्रीपर्यंत बसून चार आठवड्यांचा तक्ता केला आणि दिवाणखान्यात लावला. पहिल्या आठवड्याचा शब्द पाणी. दुसऱ्याचा नको, कारण मुक्या माणसाला कुणी विचारत नाही, जो येतो तो तोंडात चमचा कोंबतो. तिसरा रकाना मुद्दाम रिकामा ठेवला, मंडळींचा रंग पाहून भरीन. चौथ्या आठवड्यात काळजातलं काहीतरी. कलावतीसाठी मी ‘माझं बाळ’ लिहिलं. सव्वीस वर्षांची पोर, बाळंतपणानंतर आठव्या दिवशी झटका आला. बाळ पाच महिन्यांचं झालं तरी तिच्याकडे जात नाही, कारण तिनं त्याला कधी हाकच मारलेली नाही. अक्का म्हणते, सरोजाला शिंकायचं असलं तरी आधी ती तक्ता करेल. करते तर करते!

८ मार्च, शनिवार

फकीरप्पा म्हणाले, पाणी! स्पष्ट, खणखणीत, एकट्यानं. मला गाणं शिकवणारे मास्तर आज असते तर त्यांनाही मी सांगितलं असतं की हे पालथ्या घड्यावर पाणी नव्हे. दुपारपर्यंत अज्जांनी नऊदा मागितलं आणि गुरव्वा कुरकुरली, मागायला तुम्ही शिकवलं, आता मोरीत न्यायलाही तुम्हीच या. तिनं आणखी एक गंमत काढली. तो एवढा एक शब्द अज्जा बाईच्या आवाजात म्हणतात, हुबेहूब तुमच्याच. मीही हसले. शिकवणाऱ्याची नक्कल होतेच.

१० मार्च, सोमवार

जेवताना ठसका लागला. गुरव्वाला म्हणाले, मला ते दे. काय ते आठवेना. तांब्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, पेशंटांत राहून तुम्हीपण पेशंट झालात की.

ऊन फार आहे. झोपही कमी.

१३ मार्च, गुरुवार

तो शब्द अजून आलेला नाही. आठ तारखेचं पान उघडलं. फकीरप्पा काहीतरी म्हणाले असं मीच लिहिलंय, आणि पुढं दोन अक्षरं आहेत. मला ती वाचता येत नाहीत. आजूबाजूचं सगळं वाचता येतं, तेवढीच नाहीत.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. काही निघालं नाही. आज सकाळी भरलेल्या तांब्यासमोर बसून राहिले, घसा कोरडा पडलेला आणि या पातळ गोष्टीचं करायचं काय ते कळेना. शेवटी गुरव्वानं तोंडाला लावला. हे कुणाला सांगितलेलं नाही.

वर्ग मात्र छान चाललाय. पूर्वी खानावळ चालवणाऱ्या आमच्या पेशंट नीलव्वांनी आज लापशीचा चमचा बाजूला सारून नको म्हटलं, आणि मग वर्गातल्या सगळ्यांनी एका पाठोपाठ एक. नको, नको, नको. अकरा जण, आवाज एकच. अंगावर काटा आला, तो आनंदाचा असं मी धरून चालते.

१७ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी विचारलं, आणखी दोन तुकड्या घ्याल का. मला घ्यायच्या नव्हत्या. तोंड उघडलं. त्या जागी शब्दच नव्हता. मान आडवी हलवायला गेले, ती उभी हलली. डॉक्टर खूश होऊन गेले.

दुपारी गुरव्वानं तिसरी भाकरी वाढली. चौथी वाढली. पाचवी. म्हणाली, सरोजक्का, आज अंगात भीम आला की काय. मी रडत रडत खाल्ली.

कागदावर ‘नाही’ लिहिता येतं. समोर माणूस उभा असला की काही येत नाही.

१९ मार्च, बुधवार

मनात आलंय ते लिहायलाही लाज वाटते, पण तपासून पाहीनच. तिसरा रकाना रिकामा आहे. मला जन्मात लागणार नाही असा शब्द हवा होता. खिडकीबाहेर चिंचेला लटकलेलं दिसलं आणि रकान्यात लिहिलं, वटवाघूळ.

फकीरप्पा भडकले. टिकीट! म्हणाले, म्हणजे असल्या भिकार शब्दाचं मी करू काय. पण शिकले. दुपारी चारला एकटे म्हणाले, वटवाघूळ. माझ्या आवाजात.

२० मार्च, गुरुवार

चिंचेला उलटं काहीतरी लटकलंय. काळं, कातडी पंखांचं. नाव नाही.

कालच्या पानावर, फकीरप्पांच्या पुढं, मला वाचता न येणारी अक्षरं आहेत.

हात दाखवून अवलक्षण. म्हणजे मी शिकवत नव्हतेच. काढून देत होते. गदगचे मास्तर—

गुरव्वाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला दृष्ट लागलीय, मीठ-मिरची ओवाळते. तिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर— पुढचं आठवत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

ट्रंका भरल्या. फाटकापर्यंत गेले. तिथं कलावतीची सासू उभी होती, कडेवर ते बाळ. पाया पडली. म्हणाली, पुढच्या आठवड्यात आमच्या सुनेचा नंबर आहे ना मॅडम, तेवढं करा आणि मग खुशाल जा, पोराला आई असून आई नाही. मला तिला जे म्हणायचं होतं ते नीलव्वांकडे आहे. ट्रंका परत आल्या.

तक्त्यातला चौथा रकाना मी खोडून टाकला. संध्याकाळी पाहिलं तर डॉक्टरांनी पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिला होता आणि कलावती त्यावरून बोट फिरवत होती.

२३ मार्च, रविवार

वर्ग नसतानाही ते सराव करतात. दिवाणखान्यात गोल करून, एकमेकांचे डावे हात हातात घेऊन. वर, खाली. वर, खाली. मला पाहिलं की जागा करून देतात. फकीरप्पांनी त्यांचं अर्धं केळं मला दिलं. नीलव्वा माझे केस विंचरतात.

त्यांच्यात दुष्टपणा नाही. असता तर बरं झालं असतं. त्यांना फक्त भूक आहे, आणि ती लावली मी.

२५ मार्च, मंगळवार

झालं.

डॉक्टर मागं उभे होते, सासू बाळ घेऊन समोर. मी जमेल तितकं बेसूर गायले. कलावतीनं मला थांबवलं. माझाच हात उलटा घेतला आणि थाप देऊन मला सूर दाखवला. मग मी नीट गायले. आवाज खाली नेत गेले. शेवटचं तिनं एकटीनं म्हटलं, माझं बाळ. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढं केले.

सगळे रडले. मीही रडले, कारण तो आनंद खराच होता.

आता मी हे पटापट लिहून ठेवते. तुंगा माझी आहे. आठ वर्षांची. दोन वेण्या. मी तिची आई. तुंगा माझी आहे. तुंगा माझी आहे.

२७ मार्च, गुरुवार

परवाच्या पानावर एका नावाविषयी काहीतरी तीनदा लिहिलंय. नाव तेवढं वाचता येतं, पुढची अक्षरं नाहीत. तुंगा. नदीचं नाव.

टेबलावर फोटो आहे. दोन वेण्यांची पोरगी. कुणाची?

काहीतरी विसरलंय. फार मोठं—

२८ मार्च, शुक्रवार

फोन आला. एक बाई, आवाज ओळखीचा, अक्काचा. म्हणाली, रविवारी उगादीला येतोय, पोरीनं आठ दिवस आधीच पिशवी भरलीय. मग एक बारीक आवाज बोलायला लागला. थांबेचना. हसत होता. मला काही कळेना आणि मला घाम फुटला.

त्यांना सांगायला हवं होतं की येऊ—

तो शब्द नाही.

हूं म्हटलं. हूं, हूं.

३० मार्च, उगादी

दारात आंब्याचं तोरण. गुरव्वानं कडुनिंब-गूळ दिला. खाल्ला.

आल्या. अक्का ओरडली, सरोजा, काय अवतार हा, पोरीला जवळसुद्धा घेत नाहीस? तरातरा डॉक्टरांकडे गेली. पोरगी इथंच ठेवून.

फोटोतलीच. माझ्या मांडीवर येऊन बसली. बसू दिली. रडत होती. रडणाऱ्याला शांत करणं माझं कामच आहे. तिचा डावा हात घेतला. थाप दिली. तिला तो खेळ वाटला, डोळे पुसून हसली. तांब्याकडे बोट दाखवून एक शब्द म्हणाली. मी म्हटलं, गा. वर, खाली. माझ्या मागं मागं नाही, माझ्यापुढं गायली. मग तिचा आवाज बारीक होत गेला—

पाणी.

पाणी! पाणी पाणी पाणी. अख्खा तांब्या प्यायले. आठ तारखेचं पान वाचलं. फकीरप्पा म्हणाले, पाणी!

ती रिकाम्या तांब्याकडे पाहतेय. ओठांवरून जीभ फिरवते. तोंड उघडते, मिटते.

कळलं मला. कळलं. लगेच हात सोडायला हवा होता. पण तिनंच ओढून घेतला, घाबरून, आणि म्हणाली— तो शब्द, नीलव्वांचा. हवाच होता. तो असता तर यातलं काहीच झालं नसतं. एकदाच. हात पुन्हा धरला. थाप. वर, खाली—

नको.

नको. नको. लिहिता येतं, म्हणता येतं. डॉक्टरांना म्हणेन. सगळ्यांना. पोरीला घेऊन जाईन, जिची असेल तिच्याकडे.

जिची असेल.

हिला ठाऊक आहे. आल्यापासून तेच सांगतेय, मी कोणाची, मी कोणाची ते, आणि मला नुसता आवाज ऐकू येतो. एवढं एकच राहिलंय. उजव्या हातानं लिहितेय. डाव्यात तिचा हात आहे, गरम, घामेजलेला. ती तो काढून घेत नाही. कशी घेईल, तो शब्द आता तिच्याजवळ नाही. माझ्याजवळ आहे. मीच म्हणायला हवा, स्वतःला, आत्ता. म्हणते. म्हणतेच. फक्त एकदा गाऊ दे तिला ती कोणाची आहे ते, वर, खाली, की लगेच म्हण—