मंजुषाचा हॉटस्पॉट काढून टाकलाय

अहो,

बाळाला लस द्यायला उस्मानपुऱ्यात चाललेय. तुमची मीटिंग आहे म्हणून कंप्युटर लावून बघितला. घरचं वायफाय गेलं की तो अजून तुमच्या ऑफिसातल्या मंजुषाचाच फोन शोधत बसतो. मी माहेरी असताना ऑफिसचं व्हीपीएन लावून द्यायला ती बजाजनगरहून आली, हे तुम्हीच सांगितलं. मग तिचा हॉटस्पॉट आपल्या घरात कायमचा कशाला? काढून टाकला.

आता वायफाय गेलं तर तो माझा जुना फोन धरतो आणि ऑफिसचं व्हीपीएन आपोआप जोडतो. वायफाय बंद करून बघितलंय. फोन टेबलावर चार्जिंगला आहे, तिथून हलवू नका.

तरी अडलंच तर मला फोन करा, तिला नको. या कंप्युटरवरचं लिनक्स मलाही येतं. बाळ झाल्यापासून तुम्ही विसरलात, मी नाय.

रूपाली