म्हाताऱ्या होडीचा गोठा

आक्का, जयभीम.

काल म्युझियमात आली ती हिराबाई कोळीण, मागून तिचे दोन मुलगे. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहिते, संघपालकडून वाचून घे.

आपली नात मृणाली इथं समुद्राकाठी जुन्या जहाजांच्या म्युझियमची मोठी साहेब झाली ना, तिला हिराबाईच्या सासऱ्याची शिडाची होडी हवी होती. तशी दुसरी उरली नाही म्हणे. बाई म्हणाली, "तिथं मेलेल्या वस्तू ठेवता. माझी होडी मेली नाही." पोरीचं तोंड एवढंसं झालं. तशीही वाळलीय, उभ्याउभ्या जेवते.

मी मधेच बोलले, "अवो, आमचा पवळ्या बैल आता कामाचा नाही, तरी गोठ्यात मानानं बसतो. तशीच बसेल ही. पोरगी रोज तेल चोळील तिला."

"गोठ्यात?" बाई इतकी हसली की बशीतला चहा सांडला. "मग गोठ्यात देते. म्युझियमात नाही!"

मृणालीनं मला मिठी मारली, बठ्ठे लोक पाहत होते.

तुझा गुडघा कसा शे? केळीला पाणी पुरतं का?

दारावर 'गोठा' अशी पाटी लावायला सांगून गेलीय बाई. पौर्णिमेच्या भरतीला होडी घेऊन येते म्हणाली.

तुझी धाकटी,
केवळाबाई