उडीद न पेरलेले शेत

॥ श्रीराम ॥

मी, कै. वेंकटराव यांचा मुलगा सूर्यनारायण, वय एकोणपन्नास, राहणार पापनाशमजवळच्या आमच्या गावी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात मद्रासला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे, कुणाची जबरदस्ती नाही. थकवा मात्र आहे. नोंदणीसाठी तमिळ प्रत वेगळी होईल, ही आपल्या घरच्या मराठीतली घरच्यांसाठी. मुलगा विघ्नेश याला देवनागरी वाचता येत नाही. त्याच्या बहिणीने, भुवनाने, त्याला मोठ्याने वाचून दाखवावे आणि मध्येच भांडू नये.

१. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक पत्नी वत्सला हिची. तिच्यामागे दोन्ही मुलांना सारखी. रामाची पूजा भुवनाकडे. नैवेद्याला थाट नको, गूळ चालतो.

२. चेंडूत हवा भरायचा पंप, शिवायची सुई आणि शिट्टी गुरुमूर्तीला. तो माझ्याकडे फुटबॉल खेळून मोठा झाला, आता सायकली दुरुस्त करतो. शाळेतली ड्रिल मास्तरची जागा रिकामी झाल्यापासून मुलांना मीच शिकवत आलो. कुणी नेमले नव्हते, त्यामुळे कुणी काढलेही नाही.

३. हेडमास्तर कृष्णस्वामी यांनी शाळेच्या मैदानावर वर्गखोल्या बांधल्या आणि खेळाच्या वेळेला ट्यूशन लावली. मला म्हणाले, "राव सार, चेंडूमागे धावून कोण इंजिनियर झाला?" मी म्हटले, "तुमच्या ट्यूशनमधला एक तरी बसमागे धावून दाखवू दे." तेव्हापासून बोलणे नाही. ते माझ्या तेराव्याला आले तर जेवायला वाढावे. पायसम दुसऱ्यांदा विचारू नये.

४. कालव्याकडचे शेत विघ्नेशला, एका अटीवर. आपल्याकडे कापणीआधी उभ्या भातातच उडीद फेकतात. भात कापले की उडीद वर येतो आणि शेतात पाय ठेवता येत नाही. मैदान गेल्यापासून मी या एका शेतात उडीद टाकत नाही. कापणीपासून कालव्याला पाणी सुटेपर्यंत मुले तिथे खेळतात. खुंट टोचतात, म्हणून पहिले काही दिवस ती शिव्या देतच धावतात.

पोंगलला विघ्नेश म्हणाला, "अप्पा, उडीद फेका की. खेळायला येतो कोण? सगळे टीव्हीवर क्रिकेट बघत बसलेत."

"येतात."

"अकरा तरी येतात कां?"

अकरा येत नाहीत. दहावीची ट्यूशनला जातात, थोरली तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात गेली. गेल्या मार्चात संघ पुरा झाला नाही म्हणून शाळेने तालुक्याच्या सामन्यांना नावच पाठवले नाही. त्या सामन्यांच्या दिवशी शेतात सहा मुले होती, त्यांत दोन मुली. चपला ठेवून गोलपोस्ट केले आणि दिसेनासे होईपर्यंत खेळली.

म्हणून अट नीट लिहितो. अकरा भरत नाहीत एवढ्यावरून खेळ संपला असे धरू नये. दोघे जरी चेंडू घेऊन आले, तरी पुढच्या कापणीला उडीद टाकू नये. सबंध उन्हाळ्यात कुणीच आले नाही, तर विघ्नेशने खुशाल पेरावे. माझ्या नावाने रिकामे शेत राखत बसू नये. खेळ आहे की संपला, हे भुवनाने ठरवावे. विघ्नेश बंगळूरला असतो, ती गावातच शिकवते. मात्र तिने बांधावरून पाहून ठरवू नये, शेतात उतरावे. एकटेच मूल उभे दिसले, तर दुसरे खेळणारे तिने व्हावे.

वरचे सगळे मी दोन साक्षीदारांसमोर वाचले आणि त्यांच्यादेखत सही केली.

सूर्यनारायण वेंकटराव

साक्षीदार:
अप्पाजी, चुलतभाऊ, ज्यांच्या ओसरीवर हे लिहिले
सुब्रमण्यम, शेजारी (मजकूर तमिळमध्ये सांगितल्यावर तमिळ सही)

राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर
१२ फेब्रुवारी १९९५