बरणीची पातळी

१५ फेब्रुवारी २००९, रविवार. सकाळी ११.
आजपासून प्रयोगाची नोंद. दादरच्या मंडईतून आठ किलो काळी द्राक्षं आणली. विक्रेता म्हणाला, सगळी गोड. पेटीतल्या चार थरांतली चार चाखली. वरची गोड, खालची आंबट. अपेक्षित होतं.

ऑफिसातली फिलोमिना गिरगावात दर नाताळला घरी वाइन करते. द्राक्षं, साखर, यीस्ट, मूठभर गहू. प्रमाण विचारलं तर म्हणाली, अंदाजे. एकवीस वर्षं बँकेचं नेटवर्क सांभाळते आहे. 'अंदाजे' हा शब्द माझ्याकडे चालत नाही.

मी करते आहे ती दारू नव्हे. ते किण्वन. पूर्ण होईल गुढीपाडव्याला, २७ मार्चला. त्याच दिवशी हरेश्वरला दारू सोडून वीस वर्षं होतात. (हरेश्वर नवरा. एकाच चाळीत वाढलो, म्हणून पहिल्यापासून अरेतुरे.) त्याला विचारलं, घरात हे असलेलं चालेल का. म्हणाला, तुझा प्रयोग, मला काय. इतकं सहज उत्तर मला आवडलं नाही. लाइन जुनी असो की नवी, भार टाकल्याशिवाय तिची ताकद कळत नाही. म्हणजे बरणी ही त्याच्या निश्चयाचीही चाचणी. त्याला हे सांगितलेलं नाही. सांगून केलेली चाचणी खोटी.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७.४५.
रस गाळून काचेच्या बरणीत भरला. पाणी-साखर धरून साडेनऊ लिटर. झाकणात सलाईनची नळी, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. आतला वायू बाहेर येतो, बाहेरची हवा आत जात नाही. बरणीला खाली नळ. बाहेरून पांढरी पट्टी, पट्टीवर मिलिमीटर. पातळी दिवसातून दोनदा बघायची: सकाळी सात, संध्याकाळी साडेसहा. संध्याकाळची पातळी लिहून झाल्यावर नमुना. दोन चमचे. चव बघून थुंकायचा.
थुंकला नाही. थुंकल्यावर शेवटची चव कळत नाही.

हरेश्वर साडेसातला आला. कॉटन ग्रीनच्या गोदामात सुपरवायझर आहे. वीस वर्षांचा नियम: दारात, चप्पल काढायच्या आधी, 'हा कर'. तो 'हा' करतो, मी वास घेते. वास नव्हता. बडीशेपेचा होता. बडीशेप का?

२५ फेब्रुवारी, बुधवार.
राउटरवर पाच उपकरणं जोडलेली दिसली. आमची चार. पाचवं शेजारच्या लवू परबांचं, यात शंका नाही. सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, रिकामा वेळ खूप. जुन्या चाळीत आमच्या नळाचं पाणीही तेच आधी भरायचे. चाळ पाडून बावीस मजले उभे राहिले, माणूस तोच. पासवर्ड बदलला. सव्वीस अक्षरी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार.
पाचवं उपकरण म्हणजे मी ऑफिसातून आणलेला लॅपटॉप. पासवर्ड मजबूत झाला हा फायदाच. परबांवरचा संशय मागे घेण्याचं कारण दिसत नाही.

२ मार्च, सोमवार.
आठवड्यात पातळी चार मिलिमीटर उतरली. बाष्पीभवन म्हणावं तर झाकण बंद. बरणीला चीर नाही. खाली ओल नाही.
चमच्यात रंग दिसत नाही. आजपासून नमुना वाटीने.

६ मार्च, शुक्रवार.
बँकेने नेटवर्कचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरवलं आहे. त्यांचा एक माणूस आला, सगळे आराखडे मागत होता. जुने दिले. साहेब म्हणाले, मॅडम, तुमच्या जागेला काही धोका नाही. लिहून द्या म्हटलं. हसले.

'काही धोका नाही' हे मी ब्याऐंशी साली ऐकलेलं आहे. मी तेव्हा माटुंग्याला डिप्लोमाला होते. बाबा रोज संपाच्या सभेहून येऊन सांगायचे, आणखी दोन महिने, मग गिरणीचा भोंगा वाजेल. भोंगा गेला. चिमणी राहिली. ती आता मॉलच्या आवारात आहे, तिच्यावर रंगीत दिवे सोडतात, आमच्या खिडकीतून दिसते. बाबांनी शेवटपर्यंत दुसऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. मी ठरवलं, कोणाचं ऐकायचं नाही, मोजायचं.

हरेश्वर त्याच गिरणीत बदली कामगार होता. संपात संध्याकाळी करायला काही नाही, म्हणून हातभट्टीचा एक ग्लास. विचारलं की म्हणायचा, फक्त चव बघतो. चव बघण्यात सात वर्षं गेली. माणूस स्वतःला किती फसवू शकतो याचं मला आश्चर्य वाटतं.

आजचा नमुना: एक पेला. वाटी स्टीलची असल्याने रंग फसवा दिसत होता. काचेच्या पेल्यात खरा दिसतो.

११ मार्च, बुधवार.
कोळीण शेवंता संध्याकाळी सातला बोंबील घेऊन आली. सहा वर्षं ती दारात येते, सहा वर्षं मी घासाघीस करते. आज केली नाही, असं तीच म्हणाली. उलट तिला बसवून चहा दिला आणि गिरणगावाचं काय झालं ते समजावून सांगितलं, असंही म्हणाली. ती असं का सांगते आहे? जाताना तिने विचारलं, ताई, बऱ्या आहात ना. माझ्या तब्येतीची चौकशी करणाऱ्यांपासून सावध राहायला हवं.

पातळी: चोवीस तासांत आठ मिलिमीटर कमी. हा आता तांत्रिक दोष नाही. कोणीतरी पितं आहे.

१४ मार्च, शनिवार.
नोंदी पुढे ठेवून शांतपणे विचार केला.
सकाळी सात ते संध्याकाळी साडेसहा: घट शून्य. रोज शून्य.
संध्याकाळी साडेसहा ते सकाळी सात: घट आठ ते नऊ मिलिमीटर. रोज.
त्या वेळात घरात कोण? मी आणि हरेश्वर. त्याच्या गुणवंती आत्या शिमगा आटपून गावाहून कालच आल्या, आणि घट त्याआधीची. त्या सुटल्या. उरला एक.

सगळ्यांत कठीण बिघाड तो, जो आपल्या भरवशाच्या उपकरणात असतो. तिथे कोणी बघतच नाही.

पाडव्याला तेरा दिवस. वीस वर्षं पुरी होतील असं सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं आहे. घर मी उभं केलं ते या एका गोष्टीवर. ती खोटी असेल तर मला आधी कळलं पाहिजे.

१६ मार्च, सोमवार.
'हा कर' आता दिवसातून तीनदा. पहिल्यांदा हसला. तिसऱ्यांदा नाही. वास नाही. म्हणजे वास न येण्याची काहीतरी युक्ती आहे.
नमुने दोन घेतले, एक वरच्या थराचा, एक खालच्या. वरच्या थराला नळ नसल्याने दोन्ही खालूनच.

१९ मार्च, गुरुवार.
आत्यांना विश्वासात घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, देवाक घालूया. म्हणजे गाऱ्हाणं. माझा यावर विश्वास नाही. पण गुन्हेगारावर मानसिक दडपण येतं, त्या दृष्टीने मान्यता दिली.

संध्याकाळी देवापुढे नारळ ठेवला. हरेश्वरला मुद्दाम उभं केलं. आत्यांनी हात जोडले: "बा देवा म्हाराजा, ह्या घरात जो कोण चोरून पिता हा, तेच्या पोटात कळ येऊ दे रे म्हाराजा." आम्ही सगळ्यांनी म्हटलं, "व्हय म्हाराजा." हरेश्वर सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. चोर नेहमी मोठ्याने म्हणतो.

त्यानंतर नमुने. आज थोडे उशिरा, म्हणून थोडे जास्त.

२० मार्च, शुक्रवार.
ऑफिसला गेले नाही. पहाटेपासून पोटात कळा. हरेश्वर ठणठणीत, तीन भाकऱ्या खाऊन कामावर गेला.
कारण शोधलं. बुधवारी शेवंताकडच्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, खाल्ल्या होत्या. दोन दिवसांनी उठणारे दोष मी नेटवर्कमध्ये अनेकदा पाहिले आहेत. ती दुपारी आली तेव्हा तोंडावर सांगितलं. म्हणाली, त्याच टोपलीतल्या अख्ख्या मजल्याने खाल्ल्या, तुमच्याच पोटाला काय झालं? टोपली उचलली. या दाराला परत येणार नाही म्हणाली. येईल.
आत्यांनी सुंठीचा काढा दिला आणि म्हणाल्या, गाऱ्हाणं पोचलं. म्हटलं, कसलं पोचलं, हरेश्वर तर भाकऱ्या खातोय. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वय झालं.

२१ मार्च, शनिवार.
लॅमिंग्टन रोडवरून कॅमेरा आणला. कपाटावर, बरणीकडे तोंड करून. समोर हालचाल झाली की आपोआप रेकॉर्ड करतो. कोणाला सांगितलेलं नाही. रेकॉर्डिंग मीही आधी बघणार नाही. पुराव्यात हात घातला असं उद्या कोणी म्हणायला नको. नमुने नेहमीप्रमाणे. माझं तिथे असणं हे कामकाज आहे.

२२ मार्च, रविवार.
हरेश्वरला सरळ विचारलं. पुरावा येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण तो सकाळी लांबून बरणीकडे बघत शिट्टी वाजवत होता.
त्याने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "अंबू, वीस वर्षं तू रोज वास घेतलास. मी कधी एकदा तरी नको म्हटलं?"
म्हटलं, हे उत्तर नव्हे.
चार शर्ट पिशवीत घातले आणि शीवला बहिणीकडे गेला. निर्दोष माणूस घर सोडत नाही.

२४ मार्च, मंगळवार.
हरेश्वर शीवला. तरी रविवारपासून रोज नऊ मिलिमीटर. म्हणजे मी झोपल्यावर येऊन जातो. त्याच्याकडे किल्ली आहे. आज कुलूप बदललं.

२५ मार्च, बुधवार.
नवं कुलूप. घट दहा मिलिमीटर. दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स उशाशी. म्हणजे आणखी कोणी सामील आहे. कुलूपवाला परबांच्या ओळखीचा होता. हरेश्वर आणि परब दर रविवारी गच्चीवर काय बोलतात ते मी कधी विचारलं नव्हतं. चूक झाली.

साडेसातला दार उघडून उभी राहिले. कोणी यायचं नव्हतं. सवय. समोरून परब लिफ्टमधून आले, त्यांना जवळजवळ 'हा करा' म्हणणार होते.

दोन दिवसांवर पाडवा. गुढीची काठी माळ्यावरून तोच काढतो. माझा हात पोचत नाही.
आज नमुने मोजले नाहीत. मन ठिकाणावर नव्हतं.

२६ मार्च, गुरुवार.
अर्धी रजा. चार वाजता सगळ्यांना बोलावलं. आत्या, पंच म्हणून परब, आणि हरेश्वर. त्याला फोनवर सांगितलं, पुरावा आहे, हिंमत असेल तर ये. आला. दाढी वाढली होती.
कॅमेरा टीव्हीला जोडला. आधी दहा मिनिटं मी प्रास्ताविक केलं: पातळीचा तक्ता, वेळेची चौकट, निष्कर्ष. शेवटी म्हटलं, हे मीही अजून पाहिलेलं नाही. आणि सुरू केलं.

एकूण सतरा क्लिप.
पहिल्यात मी. पातळी लिहिते, पेला भरते, उजेडात धरते, पिते. म्हटलं, हा नमुना, पुढे चला.
दुसऱ्यात मी. तिसऱ्यात मी, पेला तोच, या वेळी उजेडात न धरता. सहाव्यात मी बरणीला ब्याऐंशीचा संप समजावून सांगते आहे. नवव्यात बाबांचं नाव घेऊन रडते आहे. हे मला अजिबात आठवत नाही. बाराव्यात तीन पेले. सतराव्यात मी कॅमेऱ्याकडे वळून बोट दाखवते आणि म्हणते, तुला पकडणार आहे.
दुसरं कोणीही नाही.

परब म्हणाले, वहिनी, मला जरा गच्चीवर टाकी बघायची आहे. गेले. आत्या हात जोडून हळूच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

मी म्हटलं, मी पातळी आधी लिहायचे आणि नमुना नंतर घ्यायचे. नमुन्याची घट मोजमापात धरली गेली नाही. पद्धतीतली त्रुटी आहे.
हरेश्वर हसला असता तर मला सोपं गेलं असतं. तो हसला नाही. टीव्ही बंद करून माझ्याशेजारी येऊन बसला.
"मीही आधी नमुनाच घ्यायचो," म्हणाला.

मग उठला आणि माळ्यावरून काठी काढली.

२७ मार्च, शुक्रवार. गुढीपाडवा. सकाळी ११.
गुढी उभारली. कडुनिंब खाल्ला. हरेश्वरची वीस वर्षं पुरी. आत्यांनी त्याची दृष्ट काढली, माझी नाही काढली.
बरणी मोरीत ओतली. पावणेचार लिटर. शेवटची नोंद म्हणून लिहून ठेवते. प्रयोग बंद. वही बंद. आजपासून कोणावर संशय घ्यायचा नाही, हा पाडव्याचा संकल्प.
ओतण्याआधी एक बाटली भरून सीलबंद केली आणि कपाटात इस्त्रीच्या कपड्यांमागे ठेवली. कुठल्याही प्रयोगाचा एक संदर्भ नमुना ठेवावा लागतो. ती उघडायची नाही.

संध्याकाळी ७.४५.
श्रीखंड घेऊन शीव कोळीवाड्यात शेवंताकडे जाऊन आले. माफी मागायला जायचं म्हणजे मनाची तयारी लागते. ती केली आणि गेले. शेवंताने श्रीखंड ठेवून घेतलं. रविवारी येते म्हणाली. भाव मात्र ठरलेला, घासाघीस नाही.
साडेसातला घरी पोचले. बेल वाजवली. हरेश्वरने दार उघडलं, पण बाजूला झाला नाही. मी चप्पल काढायला वाकले तर म्हणाला, थांब.
"हा कर."
केलं.
त्याने वास घेतला. मग म्हणाला, वास नाही. बडीशेपेचा आहे.
बडीशेप का, असं त्याने विचारलं. मी चप्पल काढली आणि इस्त्रीचे कपडे नीट लावायला कपाटाकडे गेले.