सहा नळ्या आणि बेंबळीची फेरी

४ जानेवारी १९५५
काल तुळजापूरच्या घाटात लॉरीनं पुन्हा हात टेकले. निम्मी पोती खाली, वर जा, परत ये. अंबादास ड्रायव्हर म्हणतो, इंजिनाचा धूर नेणारा बिडाचा नळ तडकलाय. सांगायला कशाला हवं? ती फट्-फट् घरात बसून ऐकू येते. लष्करानं भंगारात काढलेली गाडी. त्यांनी टाकली, आम्ही डोक्यावर घेतली.
मेव्हणे भागीदार. त्यांनी सांगून टाकलं, महिनाअखेर सुधारली नाही तर विकू, सोलापूरचं गिऱ्हाईक तयार आहे. म्हणजे मी पुन्हा मास्तरकी. शाळेनं मला आणि मी शाळेला सोसलं तेवढं पुरे.

८ जाने.
सोलापूरच्या जुन्या बाजारात दुसरा नळ आहे. तोही तडकलेलाच, फक्त वर रंग. करीम मिस्त्रींचं निराळंच: "मास्तर, सहा भाऊ अन् दार एकच. एकमेकाच्या धुरात गुदमरायलेत. हरेकाला आपली वाट करून देतो, मंग बघा." सहा सिलिंडरला सहा नळ्या, पुढं जाऊन एक. असं कुणी केलेलं पाहिलंय का, विचारलं. त्यांनीही नाही. तरी हो म्हणालो.

१२ जाने.
मिस्त्री नळीत वाळू ठासतात, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या, मग लाल करून वाकवतात. चेपत नाही. चौथी नळी स्टिअरिंगला अडली. पुन्हा वाळू. कधी होणार, असं मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी भाता माझ्याच हातात दिला.

१८ जाने.
घाट एका दमात. एक पोतं उतरवलं नाही. फट्-फट् गेली, आता भारदस्त घुमते. अंबादासनं नारळ फोडला. मिस्त्रींनी खोबरं मागून घेतलं. मेव्हण्यांनी गिऱ्हाइकाचं नाव काढलं नाही. हे घाटापेक्षा मोठं यश.

२० जाने., गुरुवार
बेंबळीची फेरी रिकामी. तिथं घड्याळ बघून कुणी निघत नाही. ओढ्यापलीकडं आमची फट्-फट् ऐकली की शेंगांची पोती घेऊन लिंबाखाली येतात. आज दारं बंद. अंबादासनं डोकावलं तर गंगूबाई पोत्यावर वाकळ टाकून वर आजारी पडलेली. "लेव्हीवाले आले न्हवं का?"
लेव्ही, म्हणजे धान्याची सक्तीची वसुली, उठली; भीती तिथंच राहिली. लेव्हीच्या लॉऱ्या आमच्याच मेकच्या. धडधाकट झाल्यावर आमचीही तशीच घुमते. तडा हीच काय ती ओळख होती...
मेव्हणे म्हणाले, पुढचा गुरुवार असाच गेला तर शनिवारी गिऱ्हाईक बोलावतो.

२३ जाने.
सायकलनं बेंबळी. घरोघर सांगितलं, लॉरी आपलीच. सगळ्यांनी माना डोलावल्या. गंगूबाईनं चहा दिला, वर म्हणाली, "तुमी खरंच बोलत असाल, मास्तर. पण लेव्हीवालेबी गोडच बोलायचे."

२५ जाने.
मिस्त्रींना म्हटलं, एका नळीला भोक पाडा. दुपारभर दुसरीच कामं काढली. संध्याकाळी आपणच पाडलं, वर बोल्ट बसवला. घाटात बंद, बेंबळीत उघडं. "ह्ये काम म्या केलं म्हणून कुणाला सांगू नका."

२७ जाने., गुरुवार
ओढ्याशी अंबादासनं बोल्ट काढला. बोटं भाजली. फट्-फट् सुरू, जुनीपेक्षा जरा बारीक, निदान माझ्या कानाला. इंजिन चालू ठेवून लिंबाखाली बसून लिहितोय.
गंगूबाईचं दार उघडलं. कपाळावर आडवा हात धरून बघायलीय. पोतं अजून आतच.