तीन दिवसांचा कारभारी

४ सप्टेंबर
अखेर देशाला माझी गरज पडली. बाबा, म्हणजे महाराज, बारा तारखेला चुलतभावाच्या अंत्यविधीला परदेशी चाललेत. दादा, म्हणजे युवराज, उद्योगपतींचा तांडा घेऊन जपानात. दोघेही देशाबाहेर असले की गादीच्या रांगेतला पुढचा माणूस राज्याचा कारभारी. रांगेत दादाच्या मागे त्याची लेक थीरा, पण तिला अठरा पूर्ण होतात वीस तारखेला. म्हणजे बारा ते चौदा मी! वीसनंतर जन्मात पुन्हा संधी नाही. चुलतकाका फार वेळेवर गेले. देव त्यांचं भलं करो.

तेराला मंत्रिमंडळाची बैठक. एक सही केली की झालं. त्या दालनात ओकच्या तक्त्यावर आजवर सही केलेल्या प्रत्येक कारभाऱ्याचं नाव कोरलंय. दादाचं आहे, उल्रिका आत्याचंही आहे. दादाच्या खाली जागा मोकळी. आज खुर्चीवर चढून वीत लावून पाहिली. 'वाल्डेमार' ऐसपैस बसतं.

संकल्प : लोणी बंद, बिअर बंद. आजोबांचा गणवेश घालायचाय.

५ सप्टेंबर
गणवेश घालून पाहिला. वरची बटणं लागतात. खालची नाही. आजोबा आजारी असताना शिवलेला दिसतो.
लोणी उद्यापासून बंद. आज लोण्यातली कोळंबी होती. त्याला माझा इलाज नाही.

७ सप्टेंबर
आईसाहेबांनी नियम ऐकवला. कारभाऱ्याने सीमेबाहेर पाऊल टाकलं की त्याच क्षणी कारभार रांगेतल्या पुढच्याकडे. म्हणजे उल्रिका आत्याकडे. आत्या चौऱ्याऐंशीची, देवळातसुद्धा घोरते. मी म्हटलं, तीन दिवसांत मी कशाला बाहेर जातोय, वेड लागलंय का मला? आई म्हणाली, तुझा भरवसा नाही रे बाबा, तू स्वतःच्या वाढदिवसाला हरवला होतास.

राष्ट्राला उद्देशून भाषण लिहायला घेतलं. माझा सचिव मेजर होल्म म्हणाला, धाकटे सरकार, कार्यक्रमात भाषण नाहीये. म्हटलं, आणि लोकांनी आग्रह धरला तर? म्हणाला, धरू दे, मग बघू. माणूस चांगला आहे, पण दूरदृष्टी नाही.

१० सप्टेंबर
दिवसभर सहीचा सराव. शेपटी झकास जमली.
होल्मला विचारलं, कायदा कसला आहे? म्हणे, हेरिंग मासा पकडायच्या जाळ्याची भोकं केवढी असावीत याचा. म्हटलं, जरा वजनदार काही नाही का? युद्धबिद्ध? म्हणाला, या आठवड्यात नाही.
तक्ता कोरणाऱ्या मिकेलला बोलावून अक्षरांचं माप देऊन टाकलं. आईला कळलं. म्हणाली, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. या घरात कौतुक म्हणून नाही.

१२ सप्टेंबर
बाबांचं विमान उडालं. कारभारी झालो! आरशात पाहिलं. जबाबदारी दिसते चेहऱ्यावर.
नाश्त्याला लोणी घेतलं. देशाचा कारभारी अशक्त दिसून चालत नाही.
थीराचा फोन. काका, राज्य आहे ना जागेवर? पोरगी भारी आगाऊ.

१३ सप्टेंबर, सकाळ
बैठक दुपारी. त्याआधी बंदरात नव्या फेरीबोटीच्या भोजनगृहाची फीत कापायची. अशा शेकडो कापल्या असतील, पण ही कारभारी म्हणून. गणवेश घातला. न लागणाऱ्या बटणांवरून पट्टा आवळला. कुणाला कळणार नाही.

१३ सप्टेंबर, दुपार. बोटीवरच.
डोकं शांत ठेवून लिहितो. फीत कापली. टाळ्या. मग मंडळी म्हणाली, दोन घास खाऊन जा. मोहरीतलं हेरिंग, कांद्यातलं हेरिंग, करीतलं हेरिंग. वर अक्वाविटचा पेला. कायदाच हेरिंगचा, मग चव न घेता सही करायची? तो तर अभ्यास होता.

होल्म सारखा येऊन सांगत होता, सरकार, बोट सुटतेय. म्हटलं, कारभारी सगळ्यांच्या शेवटी उतरतो, तू हो पुढे. तो झाला. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं तर धक्क्यावर माणसं हात हलवतायत. केवढं प्रेम! होल्म तर दोन्ही हात हलवून उड्या मारत होता. मीही हात हलवला. धक्का मागे सरकल्यासारखा वाटला, पण मला वाटलं अक्वाविट चढली.

कप्तानाला हुकूम सोडला, बोट वळवा. तो म्हणाला, साहेब, खाली ट्रक भरलेत, वेळापत्रक आहे. मी ओरडलो, मी या राज्याचा कारभारी आहे! त्याने नकाशाकडे पाहिलं. म्हणाला, होतात. खाडीतली सीमा मघाशीच ओलांडली आपण.

१४ सप्टेंबर
आत्याने सही केली. झोपेतून उठवून नेलं म्हणे. कागद अथपासून इतिपर्यंत वाचला आणि जाळ्याच्या भोकांबद्दल मंत्र्याला प्रश्न विचारून घाम फोडला.

रात्री जेवताना मी म्हटलं, त्या कप्तानाने बोट वळवली असती तर! आई म्हणाली, आणि आत्याबाईला मिशा असत्या तर! आत्या समोरच बसली होती. तिने हनुवटी चाचपली. बाबा परत आलेत. एवढंच म्हणाले, हेरिंग कसं होतं? म्हटलं, करीतलं उत्तम.

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. फार वाईट वाटलं.

संकल्प : मासे बंद.

२९ सप्टेंबर
बाबा, दादा दोघेही बाहेर. काल थीराने पहिली सही केली. जीन्स घालून गेली, सही केली, कॉलेजला पळाली. सराव शून्य.

आज मिकेल तिचं नाव कोरायला आला. दादाच्या खालच्या जागेत. मी सहज तिकडे गेलो होतो. त्याची शिडी डुगडुगत होती. म्हणाला, सरकार, जरा धरता का? धरली. मग म्हणाला, हात बाकी स्थिर आहे हं तुमचा. म्हणजे सहीचा सराव अगदीच फुकट गेला नाही.

थीराच्या नावाची अक्षरं छोटी. खाली अजून बोटभर जागा उरलीय. खालूनच वीत धरून पाहावी म्हणून एक हात काढला, तर मिकेल वरून ओरडला, अहो सरकार, शिडी सोडू नका!

नाही सोडली.